हवालदार गोपाळबाबा वलंगकर

महाड-पोलादपूरचा डोंगराळ मुलूख शिपाईगिरीसाठी पूर्वीपासून ख्यात आहे. उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे, हे तुम्हांस ठाऊक असेलच. याच मुलखात, महाडजवळच्या रावढळ गावी, महार जातीच्या एका घरात गोपाळबाबा वलंगकर जन्मास आले. गावचा पाणवठा व देऊळ या जातीच्या लोकांस त्या काळी बंद होते. लष्कराचे दार मात्र उघडे होते. गोपाळबाबा त्या दाराने आत गेले आणि हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले.

मुंबईच्या फौजेत महार शिपाई फार पूर्वीपासून होते. 1818 साली कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली नावे पाहा, ती या शिपायांची. पलटणीमुळे वेतन व निवृत्तिवेतन तर मिळेच, पण शिपायांच्या मुलांना अक्षरओळखही होई. गावच्या शाळेच्या ओसरीवरही ज्यांना येऊ देत नसत, त्यांच्या घरी पाटी-पेन्सिल आली ती या चाकरीमुळे. मला ही गोष्ट लढाईतील पराक्रमाहून मोठी वाटते.

1886 साली गोपाळबाबा सेवानिवृत्त होऊन दापोलीस राहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्यांनी ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांतून लेख लिहिले, ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेस आधार तरी कोणता, असे रोखठोक प्रश्न विचारले, आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली.

इतक्यात एक मोठा आघात झाला. काही जातीच तेवढ्या लढवय्या, बाकीच्या नव्हेत, असे मत सरकारच्या लष्करी अधिकाऱ्यांत बळावले आणि 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. रणांगणावर कसूर झाली होती म्हणून नव्हे! ज्यांचे आजे-पणजे त्याच निशाणाखाली लढले, त्यांच्या मुलांना पलटणीच्या दारातून परत फिरावे लागले.

गोपाळबाबा स्वस्थ बसले नाहीत. 1894 साली त्यांनी सरसेनापतींना उद्देशून एक सविस्तर अर्ज सिद्ध केला. आपले पूर्वज क्षत्रिय होते, आपल्या लोकांनी सरकारची इमानाने चाकरी केली आहे, तेव्हा भरती पुन्हा सुरू करावी, अशी त्यात मागणी होती. सरकारने बंदी उठविली नाही. 1895 साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. तेथेही त्यांचे शेजारी बसणे अनेक सवर्ण सभासदांस रुचले नाही.

1900 साली गोपाळबाबा निवर्तले. पुढे पहिल्या महायुद्धात माणसांची निकड लागली, तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभारली गेली; युद्ध सरल्यावर 1921 साली ती मोडण्यात आली. अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1941 साली, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. अर्ज लिहिणाऱ्या हवालदारास जाऊन तेव्हा एक्केचाळीस वर्षे लोटली होती.