वाघनखं, ग्रँट डफ आणि एक डबी

मराठ्यांचा सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहिणारा जेम्स ग्रँट डफ स्कॉटलंडचा होता, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याला साताऱ्याला पोचवणारी घटना मात्र आपल्या सोलापूर जिल्ह्यात घडली, हे सहसा आठवत नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या छावणीतले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आलं आणि कारभारावर नजर ठेवायला एल्फिन्स्टननं एक तरुण अधिकारी नेमला. त्याचं नाव तेव्हा नुसतंच जेम्स ग्रँट होतं.

हा १७८९ साली बॅन्फ गावी जन्मला. वडील लवकर गेले. १८०५ मध्ये, सोळाव्या वर्षी, कंपनीच्या फौजेत नोकरी धरून तो मुंबईला निघाला. पुढे फारसी शिकला आणि पुण्यात एल्फिन्स्टनच्या विश्वासातला झाला. साताऱ्याची घडी बसवून १८२२ मध्ये त्यानं कारभार प्रतापसिंहांच्या स्वाधीन केला. याच वर्षांत बखरी, सनदा, जुनी दप्तरं जमवण्याचा त्यानं ध्यास घेतला. प्रकृती ढासळल्यावर तो मायदेशी परतला. १८२५ मध्ये आईकडची ईडनची जहागीर मिळाली, तेव्हा त्यानं नावापुढे डफ हे आडनाव जोडलं. १८२६ मध्ये इतिहासाचे तीन खंड निघाले आणि १८५८ मध्ये तो वारला.

त्याच्या घराण्याकडून एक लहानसं लोखंडी हत्यार लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलं. ही वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात तीन वर्षांच्या बोलीवर आली, तेव्हा लोकांनी गर्दी केली. ती महाराजांचीच का, हा प्रश्न मात्र तिथेही सोबत आला.

जुनं हत्यार आणि नवी नक्कल यांतला फरक सरावलेल्या नजरेला कळतो. हातानं घडवलेल्या लोखंडावर हातोड्याचे असमान ठसे असतात, कडा वापरानं झिजलेल्या असतात, गंज धातूत खोल मुरलेला असतो. नव्या वस्तूवर यंत्राची एकसारखी कड दिसते आणि मुद्दाम चढवलेला गंज वरवरचा राहतो. पण लोखंड फार तर आपलं वय सांगतं. ते कोणाच्या हातात होतं, हे सांगायला कागदच लागतो. बँकेत चाळीस वर्षं दस्तऐवज तपासताना मला हीच सवय लागली होती: आधी तारीख पाहायची, मग नाव, मग दोन्हींचा मेळ.

या वाघनखांचा कागद म्हणजे त्यांच्या डबीवरचा मजकूर. त्यात म्हटलंय की, ज्या वाघनखांनी शिवाजीनं मोगल सेनापतीला मारलं ती हीच, आणि ईडनचे ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्याच्या मुख्य प्रधानानं ती त्यांना दिली. आता मेळ पाहा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली पडलेला अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. डफ साताऱ्यात स्थिरावला, तोवर पेशवाई बुडाली होती. आणि ईडनचे ग्रँट डफ हे नाव १८२५ पूर्वी अस्तित्वातच नव्हतं! म्हणजे मजकूर नंतर लिहिला गेला, तोही तपशील पुसट झालेल्या कुणीतरी. यावरून वाघनखं खोटी ठरत नाहीत. ती भेट मिळाली असेलही. पण पुराव्याची साखळी तुटलेली आहे. त्या संग्रहालयानंही ती अफझलखानप्रसंगातलीच असल्याची खात्री दिलेली नाही. महाराजांची वाघनखं साताऱ्याच्या छत्रपतींकडेच राहिली, असंही काही अभ्यासक मानतात.

ज्या माणसानं इतिहासासाठी आयुष्यातली उमेदीची वर्षं कागद गोळा करण्यात घालवली, त्याच्याच घरच्या ठेव्याला धड कागद नसावा, हा विचित्र योग. डफच्या ग्रंथातल्या चुका नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी १८६७ मध्येच दाखवल्या, पुढे राजवाड्यांनी मूळ कागदांचे ढीग उभे केले. त्यांनी डफला नाकारलं नाही, त्याच्यापेक्षा जास्त पुरावा मागितला.

मुलाबाळांसह वाघनखं बघायला जाणाऱ्यांना म्हणूनच माझं एवढंच सांगणं आहे. हात जरूर जोडावेत. पण मुलांनी ती खरीच का, असं विचारलं, तर त्यांना गप्प बसवू नये. प्रतापगडावरच्या त्या दिवसाचं मोल एका लोखंडी तुकड्यावर अवलंबून नाही आणि प्रश्न विचारल्यानं ते कमीही होत नाही.