तोफांच्या कानातले मेण

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, अष्टप्रधान मंडळात एक तरुण अमात्य होता. रामचंद्र नीळकंठ. वडील नीळकंठ सोनदेव हे स्वराज्याच्या हिशेबाचे जुने जाणकार. त्यांच्या निधनानंतर हे पद घराण्यात राहिले. अमात्याचे काम जमाखर्च पाहण्याचे. लढाईच्या बखरींत अशा माणसांना सहसा दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. रामचंद्रपंतांच्या वाट्याला मात्र पुढे एक संपूर्ण युद्धच आले, आणि ते त्यांनी हिशेबनिसाच्या बारकाईने चालवले.

१६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला. राजाराम महाराज जिंजीच्या वाटेला लागले आणि महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांच्या हवाली झाला. त्यांना हुकुमतपन्हा हा किताब मिळाला. म्हणजे छत्रपती दूर असताना निर्णयाचा अधिकार त्यांचा. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या धावत्या फौजा, शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक यांची किल्ले परत घेण्याची खटपट, या सर्वांना पैसा, माणसे आणि हुकूम पुरवण्याचे काम पंतांकडे होते. राजगड, पन्हाळा असे गड एकामागून एक परत आले. जिंजीचा वेढा १६९८ पर्यंत लांबला, तोवर इकडचे राज्य तगून राहिले होते. त्याचे श्रेय घोड्यांच्या टापांना जितके दिले जाते, तितके गडांवरच्या कोठारांना दिले जात नाही.

वास्तविक हे युद्ध गडांचे होते. १६९९ च्या अखेरीपासून औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घेत फिरला. १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, पुढे सिंहगड, राजगड, तोरणा. विशाळगड परशुराम त्रिंबकांनी महिनोन् महिने झुंजवला आणि अखेर रोख रक्कम घेऊन पावसाच्या तोंडावर सोडला. परतीच्या वाटेवर बादशाही फौजेची सह्याद्रीच्या पावसाने दैना केली. अवघ्या काही कोसांच्या मजलेला महिन्याहून अधिक काळ लागला. जनावरे, माणसे, सामान नाल्यांतून वाहून गेले. पाऊस मराठ्यांचा मित्र होता, हे विधान तेव्हापासून रूढ झाले आहे. ते खरे आहे, परंतु अर्धेच. वेढा घालणारी फौज चार महिने भिजून निघून जाई. गडावरची तोफ मात्र दर वर्षी तिथेच, उघड्या बुरुजावर भिजत असे.

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि हवा एवढेच पुरते. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या दोहोंची कमतरता कधीच नसते. तोफेच्या बाबतीत संकट दुहेरी असते. तिच्या मागच्या अंगाला बत्ती देण्यासाठी एक बारीक छिद्र असते, त्याला कान म्हणतात. या कानातून झिरपलेले पाणी नळीच्या तळाशी साचते आणि बाहेरून न दिसता आतून धातू खाते. शिवाय जळालेल्या दारूची काजळी क्षारयुक्त असल्याने हवेतली ओल ओढून घेते. साफ न केलेली नळी भर उन्हातही आतून ओलसर राहू शकते. आतला पृष्ठभाग खडबडीत झाला की गोळा अडतो, आणि झिजून कान रुंदावला की स्फोटाचा जोर त्यातूनच निसटतो. नळी फार पोखरली गेली असेल तर तोफ शत्रूऐवजी गोलंदाजालाच मारते. पंचधातूची तोफ या दुखण्यातून बरीचशी सुटते, कारण तिच्यावरचा हिरवट थर आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडावरचा गंज मात्र पापुद्र्यांनी सुटत जातो आणि खाली नवे लोखंड उघडे पाडतो.

हे रसायन रामचंद्रपंतांच्या काळी कुणी असे मांडले नव्हते, पण त्यावरचा इलाज त्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात स्वच्छ लिहिलेला आहे. कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांच्या नावे १७१५ मध्ये सिद्ध झालेल्या या राजनीतिपर ग्रंथात राजाची कर्तव्ये आहेत, प्रधानांची योग्यता आहे, आरमार आहे, समुद्रापलीकडून आलेल्या टोपीकरांविषयीची सावधगिरीची सूचना आहे. त्यात दुर्गांचे प्रकरण आले की लेखणीचा स्वर बदलतो. राजनीतीचा उपदेशक मागे सरतो आणि गडावर फिरणारा कारभारी पुढे येतो. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल व मेण द्यावे, तोफांचे कान मेणाने भरून टाकावेत, वर पुरते झाप घालावेत आणि तोफ वाया जाऊ देऊ नये, असा त्याचा आशय. तेल धातूवर पातळ थर धरते, मेण पाण्याला वाट देत नाही, झाप मुख्य मारा झेलतो. आजही शस्त्रागारात लोखंड ठेवायचे तर तत्त्व हेच असते: तेलाचा हात, बंद तोंड आणि कोरडी जागा.

दारूखान्याविषयीची काळजी तर याहून बारीक आहे. तो वस्तीच्या घरांना लागून नसावा. तळघर करून त्यात पक्का गच करावा, त्यावर माच घालून दारूची मडकी ठेवावीत, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. बाण वगैरे सामानाला सर्दी लागू देऊ नये. आणि एवढे करून स्वस्थ बसू नये. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन सारे बाहेर काढावे, ऊन द्यावे, पुन्हा मोहोर करून ठेवावे. यातली मोहोर महत्त्वाची. उन्हाने दारू कोरडी होते, पण ऊन दिले की नाही हे मोहोरेमुळे कळते. हिशेबनिसाचा हात इथे ओळखू येतो. कोठारांच्या जमिनीला उंदीर, मुंगी, वाळवी लागू नये म्हणून दगडांची फरसबंदी, गडावरचा केर जागीच जाळून त्याच्या राखेवर परसात भाजीपाला, बुरुजांवर वाढलेली झाडेझुडपे वेळच्या वेळी काढणे, अशा सूचनाही याच ओघात येतात. दहा वर्षे लढाई झाली नाही तरी अकराव्या वर्षी तोफ उडाली पाहिजे, एवढाच या सगळ्याचा हेतू असावा.

या माणसाचे चरित्र निष्कलंक होते असे मात्र नाही. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा रामचंद्रपंत ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७१४ मध्ये कोल्हापुरात सत्तापालट होऊन ताराबाई व त्यांचे पुत्र बाजूला पडले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. त्या उलथापालथीत पंतांचाही हात मानला जातो. वतनदारांना राज्याचे भागीदार समजून त्यांच्यापासून सावध राहण्याचा उपदेश करणाऱ्या आज्ञापत्राच्या कर्त्याने युद्धकाळात स्वतःच वतने वाटली होती, आणि बावड्याची जहागीर त्यांच्या घराण्याकडे पुढे पिढ्यान् पिढ्या चालली. मोगल वतनाचे आमिष दाखवत असताना दुसरा मार्ग कोणता होता, हा प्रश्न उरतोच.

बावडा, म्हणजे आजचे गगनबावडा, हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्याची जहागीर अशा मुलखात आणि ज्याचा बहुतेक कारभार पन्हाळा-विशाळगडाच्या धुक्यात झाला, त्याने तोफेच्या कानापर्यंत विचार करावा यात नवल नाही.

आज्ञापत्र सिद्ध झाल्यावर थोड्याच काळात, १७१६ च्या सुमारास, पन्हाळ्यावर रामचंद्रपंतांचे निधन झाले. त्यांची समाधी गडावर आहे. सह्याद्रीतल्या अनेक गडांवर आज तोफा उघड्यावर पडलेल्या दिसतात. पावसाळ्यात त्यांच्या कानांत पाणी साचते, आणि पाऊस सरला की त्याच्या कडेने तांबूस ओघळ वाळलेले दिसतात.