कचेरीतून दरबारात, दरबारातून बाजारात

आवडीच्या कामावर संसार चालवता येतो काय, हा प्रश्न पगारदार वर्गाच्या घरात पिढ्यान् पिढ्या विचारला जात आला आहे. त्याला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एक असे की, कलेची ओढ असणाऱ्याने नोकरीवर पाणी सोडावे आणि पुढचे दैवावर सोपवावे. दुसरे असे की, पगाराची नोकरी हीच खरी. कला रविवारपुरती ठेवावी. एकोणिसाव्या शतकातील ख्यातनाम भारतीय छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे चरित्र यांपैकी एकाही उत्तराला दुजोरा देत नाही. कचेरीतला एक आरेखक व्हाइसरॉयचा व निजामाचा छायाचित्रकार होतो, इंदूर, सिकंदराबाद व मुंबई या तीन शहरांत स्टुडिओ उभे करतो आणि ‘राजा’ म्हणून ओळखला जातो, इतकी हकीकत अनेकांस ठाऊक असते. हे यश कोणत्या पायावर उभे राहिले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे, जवाहिऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या एका जैन कुटुंबात झाला. घरच्या पेढीवर न बसता त्यांनी रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये ते इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्याच्या कचेरीत हेड एस्टिमेटर व ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. इमारतींचे नकाशे काढणे, मालाचा व मजुरीचा हिशेब मांडणे, अंदाजपत्रके तयार करणे हे त्यांचे काम. हे काम रूक्ष खरे. पण त्यातून दोन गोष्टी त्यांच्या अंगी मुरल्या. वास्तूकडे रेषा, प्रमाण व उंची यांच्या भाषेत पाहण्याची दृष्टी ही पहिली, आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवण्याची शिस्त ही दुसरी. पुढे जे यश त्यांना लाभले, त्यात या दोहोंचा वाटा फार मोठा आहे.

दोन खात्यांची दहा वर्षे

१८७४ च्या सुमारास, वयाच्या तिसाव्या वर्षी, दीनदयाळ छायाचित्रणाकडे वळले. तो काळ ओल्या प्लेटचा होता. काचेवर कोलोडियनचा चिकट थर पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या जागेत रसायनांनी धुऊन काढायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. गावाबाहेरचे एखादे देऊळ टिपायचे तर कॅमेऱ्याबरोबर काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारी राहुटी असा सरंजाम न्यावा लागे. कागदावरील प्रत काढण्यासाठी अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद वापरीत आणि तो काचेखाली ठेवून उन्हात धरीत. भांडवल, श्रम आणि रसायनांचे ज्ञान यांवाचून या क्षेत्रात पाऊल टाकणे शक्य नव्हते. या व्यवसायात कलकत्ता व सिमला येथील बोर्न अँड शेफर्ड यांच्यासारख्या युरोपीय पेढ्यांचा दबदबा होता.

अशा वेळी नव्याने येणाऱ्याला आश्रयदात्याची गरज असते. दीनदयाळ यांना तो इंदुरातच लाभला. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले आणि मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशी त्यांचा परिचय करून दिला. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्या प्रसंगाची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली. पुढे डेली यांच्या जागी आलेल्या सर लेपल ग्रिफिन यांनी त्यांना आपल्याबरोबर बुंदेलखंडात नेले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची मंदिरे अशा वास्तूंची छायाचित्रे या काळात त्यांनी घेतली. त्यांतील ८६ छायाचित्रांचा समावेश असलेला मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथ ग्रिफिन यांच्या नावाने १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्वाल्हेरच्या मानमंदिर राजवाड्याची उंच भिंत किंवा एखाद्या देवळाचे शिखर त्यांच्या छायाचित्रांत जसे सरळ, भक्कम आणि संपूर्ण उभे राहते, ते पाहताना नकाशे काढणाऱ्या हाताची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या सर्व काळात दीनदयाळ सरकारी नोकरीतच होते. सुमारे दहा वर्षे एकीकडे कचेरी आणि दुसरीकडे कॅमेरा अशी दोन खाती त्यांनी सांभाळली. १८८५ मध्येही त्यांनी तडकाफडकी राजीनामा दिला नाही. आधी दोन वर्षांची दीर्घ रजा घेतली, व्यवसायात पाय स्थिरावतो याची खात्री करून घेतली आणि मगच नोकरीतून निवृत्ती पत्करली. रजेवर जाण्याच्या सुमारास त्यांच्या हाती काय नव्हते? होळकरांचा आश्रय होता, पुरातन वास्तूंच्या छायाचित्रांचा साठा होता, इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये नावलौकिक होता, व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली होती आणि हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचे दरवाजे उघडले होते. ज्याला जग धाडस म्हणते, ते प्रत्यक्षात दहा वर्षे काळजीपूर्वक तयार केलेले अंदाजपत्रक होते.

मानमरातब आणि मागणी

दरबारी छायाचित्रकार होणे म्हणजे सुखाची भाकरी मिळणे, असा समज होऊ शकतो. दीनदयाळ यांचा तसा समज नसावा. निजामाचा आश्रय लाभल्यावरही १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबाद येथे स्वतःचा स्टुडिओ उघडला. सिकंदराबाद ही इंग्रजांची मोठी छावणी. तेथे लष्करी अधिकारी होते, त्यांची कुटुंबे होती आणि विलायतेतील आप्तेष्टांना धाडण्यासाठी छायाचित्रे हवी असणारी गिऱ्हाइके होती. शेजारच्या हैदराबादेत सरदार-उमराव होते. म्हणजे एका बाजूला दरबाराचा मान आणि दुसऱ्या बाजूला रोकडा देणारे गिऱ्हाईक, अशा दोन आधारांवर त्यांनी आपला डोलारा उभारला. व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणवून घेण्याची सनद त्यांना मिळाली. १८९० च्या दशकात निजामाने त्यांना ‘राजा’ आणि ‘मुसव्विर जंग’ या पदव्या बहाल केल्या. या मानमरातबांचा व्यावहारिक अर्थही होता. ज्याने व्हाइसरॉयचे छायाचित्र काढले, त्याच्याकडे आपलेही काढून घ्यावे, असे कोणत्या कॅप्टनला वा जहागीरदाराला वाटणार नाही?

या व्यवसायाचे अर्थशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. छायाचित्राचा खरा खर्च येतो तो काचेवरची निगेटिव्ह तयार करण्यात. प्रवास, सामान, मदतनीस, रसायने, वाया गेलेल्या काचा या सर्वांचा भार पहिल्याच प्रतीवर पडतो. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीला केवळ कागद, रसायन आणि थोडी मजुरी लागते. म्हणून निगेटिव्ह हेच छायाचित्रकाराचे भांडवल आणि ते जितक्या वेळा वापरता येईल, तितके ते फलदायी. पण हजारो काचांतून हवी ती काच हाती लागली नाही, तर हे भांडवल अडगळीच्या मोलाचे ठरते. दीनदयाळ यांच्या संस्थेत निगेटिव्हला क्रमांक दिला जाई आणि त्याची नोंदवहीत नोंद होई. गिऱ्हाइकाने पुन्हा प्रती मागितल्या, तर त्या पुरवता येत. प्रवाशांना विकावयाच्या स्थळदृश्यांची गोष्ट तीच. इंदूरच्या कचेरीत लागलेली शिस्त अशी स्टुडिओत कामी आली.

मागणी कोठे दडलेली आहे हे ओळखण्याची त्यांची नजरही तीक्ष्ण होती. हैदराबादच्या उच्चभ्रू घराण्यांतील स्त्रिया पडद्यात राहत आणि परपुरुषासमोर बसून छायाचित्र काढून घेणे त्यांना शक्य नव्हते. दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला आणि त्याची जबाबदारी एका इंग्रज महिलेकडे सोपवली. रूढीला त्यांनी आव्हान दिले नाही. तिच्या चौकटीत राहून नवी सोय निर्माण केली. यास कोणी सावधपणा म्हणेल, कोणी व्यापारी चातुर्य म्हणेल. परंतु ज्या स्त्रियांचे मुखही बाहेरच्या जगाने पाहिले नव्हते, त्यांना आपली प्रतिमा स्वतःच्या हाती धरता आली, हे विसरून चालणार नाही. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही दीनदयाळ यांच्या छायाचित्रांचा गौरव झाला.

यशाची किंमत

तथापि या यशाची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. दीनदयाळ यांच्या काचांवर उमटलेला हिंदुस्थान हा बहुतांशी त्यांच्या आश्रयदात्यांचा हिंदुस्थान आहे. राजवाड्यांची दालने, झुंबरे, दरबार, लष्करी कवायती, व्हाइसरॉयच्या स्वाऱ्या आणि मारलेल्या वाघापाशी उभे राहिलेले शिकारी यांची त्यात रेलचेल आहे. १९०२ मध्ये निजामाच्या राज्यात शिकारीला आलेल्या लॉर्ड कर्झन दांपत्याचे वाघासमवेतचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला.

या वैभवाच्या शेजारी आणखी एक संग्रह ठेवून पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १८९९-१९०० मध्ये, देशाच्या मोठ्या भागावर भीषण दुष्काळ कोसळला. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तत्कालीन औरंगाबाद भागातील दुष्काळनिवारणाच्या कामांची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या संस्थेने घेतली. त्या संग्रहाच्या नावातच निजामाच्या सत्कार्यांचा उल्लेख आहे. म्हणजे ती छायाचित्रे भुकेल्या माणसांची असली, तरी ती घेण्याचा हेतू सरकारने काय केले हे दाखवण्याचा होता. ज्याची मागणी, त्याची दृष्टी. हा व्यावसायिक छायाचित्रणाचा नियम येथे जितका बोचतो, तितका झुंबरांच्या छायाचित्रांत बोचत नाही. यासाठी दीनदयाळ यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. ज्याच्या चरितार्थाची दोरी दरबाराच्या हाती होती, त्याच्याकडून दरबाराच्या इच्छेविरुद्ध साक्ष देण्याची अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी? तरीही एक गोष्ट उरतेच. भिंग हे लेखणीसारखे नसते. आश्रयदात्याने सांगितले नाही तेही त्यात उमटून जाते. त्या माणसांचे देह कोणाच्याही सत्कार्याचे वर्णन करीत बसत नाहीत.

दुसरी किंमत व्यवसायालाच मोजावी लागली. १८९६ मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत मोठ्या दिमाखाने भव्य स्टुडिओ थाटला. मुंबई हे उघड्या बाजारपेठेचे शहर; तेथे निजाम नव्हता, स्पर्धा होती. शिवाय त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि हजारो लोक शहर सोडून गेले. काळही पालटत होता. १८८८ मध्ये अमेरिकेत कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा निघाला होता. १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा आला. जे कौशल्य साध्य करायला आयुष्याची दहा वर्षे लागत, त्यातील बराचसा भाग आता बटण दाबण्यापुरता उरला. खर्चिक स्टुडिओ, मोठा नोकरवर्ग आणि मोजक्या धनिकांचा आश्रय या पायावर उभ्या असलेल्या संस्थेला हा बदल मानवणारा नव्हता. त्यातच १९०४ मध्ये दीनदयाळ यांचे चिरंजीव धरमचंद यांचे निधन झाले आणि ५ जुलै १९०५ रोजी स्वतः दीनदयाळ निवर्तले. दुसरे चिरंजीव ग्यानचंद यांनी सिकंदराबादचा व्यवसाय पुढे चालवला, पण पूर्वीचे वैभव परतले नाही. पदव्या व्यक्तीला मिळाल्या होत्या. त्यांवर जमलेली पत व्यक्तीबरोबरच ओसरू लागली.

मग उरले काय? राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. आज इतिहासाचे व वास्तुकलेचे अभ्यासक त्या काचांकडे वळतात, ते पदव्यांसाठी नव्हे. कोणती इमारत कशी होती, कोणती भिंत तेव्हा उभी होती, कोण कोणाच्या शेजारी बसले होते, हे तेथे सापडते म्हणून.

छायाचित्रणाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणाने या चरित्रातून नोकरी सोडण्याचा धडा घेण्यापूर्वी ती सोडण्याआधीची दहा वर्षे पाहावीत. आणि यशाचा हेवा करण्यापूर्वी औरंगाबादच्या त्या दुष्काळी छायाचित्रांसमोर घटकाभर थांबावे. कोणाच्या पैशाने चित्र काढायचे हे परिस्थिती ठरवते. पण जे काढले ते स्वच्छ, संपूर्ण आणि क्रमांकासह जपून ठेवायचे की नाही, हे कारागिराच्या हाती असते. दीनदयाळ यांनी ते केले. दरबार मोडले, स्टुडिओ बंद पडले, पण कचेरीतल्या माणसाने लावून ठेवलेली ती नोंद अजून वाचता येते.