गुरांमागच्या पोरांसाठी शाळा कुरणात नेणाऱ्या अनुताई वाघ

डहाणू : दिवाळी उरकली, भात झोडून घरात आलं, की डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यांवर एकेका दाराला कडी लागायला सुरुवात होते. टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या, गोधड्या आणि वर पोरं. कुणी वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर, कुणी गवत कापायला, कुणी गुजरातेत मजुरीला. शाळेचं दुसरं सत्र मात्र नेमकं तेव्हाच सुरू होतं. खरं तर आपल्याकडे शिकायला हिवाळ्यासारखा मोसम नाही. ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं, वाटेवर चिखल नसतो, सकाळचं ऊन अंगाला बरं वाटतं. आणि त्याच दिवसांत वर्ग अर्धे रिकामे.

सरकारी वेळापत्रक एकीकडे आणि पोटाचं वेळापत्रक दुसरीकडे, हा तिढा आजचा नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपल्याच बोर्डी आणि कोसबाडला एका शिक्षिकेने तो जवळून पाहिला. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना आळशी न म्हणता त्यांनी शाळेचीच जागा आणि वेळ बदलून पाहिली. त्या अनुताई वाघ. आज कोसबाडची टेकडी सगळ्यांना माहीत आहे, अनुताईंचं नावही ऐकलेलं असतं. पण त्या इथे कशा पोहोचल्या, हे नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. हो, अष्टविनायकांतलं मोरगाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झालं. संसार म्हणजे काय हे कळायच्या आतच, सहा महिन्यांत, नवरा वारला. १९२३-२४ चा तो काळ. अशा मुलीच्या वाट्याला तेव्हा काय यायचं हे जुन्या माणसांना सांगायला नको. घराच्या मागच्या खोलीत आयुष्य काढायचं, शुभकार्यात समोर यायचं नाही, आणि कुणाच्या तरी ताटातलं खाऊन दिवस ढकलायचे. अनुताईंचं नशीब एवढंच की घरच्यांनी त्यांना पुन्हा शाळेत घातलं. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, पास झाल्या. त्या काळी एवढ्या शिक्षणावर मास्तरकी मिळायची. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि १९२९ पासून नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात नोकरी सुरू केली. विशीतली विधवा बाई, परक्या गावात एकटी राहून मुलींना शिकवते, ही गोष्ट तेव्हाच्या गावाला सहज पचणारी नव्हती.

१९३३ पासून दहा-अकरा वर्षं त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत होत्या. शहरातली नावाजलेली शाळा, कायमची नोकरी, वेळेवर पगार. दुसरं कुणी असतं तर तिथेच निवृत्त झालं असतं. अनुताई दिवसा शिकवायच्या आणि रात्रशाळेत स्वतः विद्यार्थी म्हणून बसायच्या. १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. शिक्षिकेने दिवसभर खडू धरायचा आणि संध्याकाळी बाकावर बसून दुसऱ्याचं ऐकायचं, यात लाज वाटणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटली नाही. पुढे तर पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ साली, कोसबाडच्या कामाचा सगळा रगाडा चालू असताना त्यांनी बी.ए.ची पदवी घेतली.

आयुष्याला वळण लागलं ते १९४५ साली. गांधीजींच्या पत्नी कस्तुरबांच्या नावाने निघालेल्या ट्रस्टने खेड्यात काम करणाऱ्या बायकांसाठी बोरिवलीला शिबिर घेतलं होतं. अनुताई तिथे गेल्या आणि त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाई म्हणजे बालशिक्षणातलं मोठं नाव. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीची बालशाळा चालवली होती, दादरला शिशुविहार उभा केला होता. पण हे शिक्षण शहरातल्या खात्यापित्या घरांतच अडकून पडतंय, हे त्यांना खटकत होतं. खेड्यात, गरिबाच्या पोराला हे परवडेल असं करता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी समुद्रकाठचं बोर्डी निवडलं. अनुताई त्यांच्याबरोबर आल्या त्या परत गेल्याच नाहीत.

भ्यालेला मुलूख

त्या वेळचा हा मुलूख कसा होता ते लक्षात घ्यायला हवं. लग्नापुरतं कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही सावकाराचे बांधील, त्यांना लग्नगडी म्हणायचे. वेठबिगार उघड चालायची. १९४५ सालीच गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांचा वेठीविरुद्धचा उठाव पेटला, गोळीबार झाला, माणसं गेली. अशा पाड्यावर धुतलेल्या कपड्यातलं कुणीही चालत आलं तर तो सावकाराचा नाहीतर सरकारचा माणूस, एवढंच पोरांना माहीत. पोरं जंगलात पळायची, बाया दार लावून घ्यायच्या. पाड्यावरच्या माणसांना ह्या बाईंना आपल्याकडून काय हवंय तेच कळेना, कारण आजवर आलेला प्रत्येक जण काहीतरी न्यायलाच आलेला होता.

बालवाडी उघडली तरी मुलं आपणहून येईनात. मग बालवाडीच पाड्यावर न्यायची ठरली. कुणाच्या तरी शेणाने सारवलेल्या अंगणात बसायचं, आधी पोरांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. आज गावोगाव जी अंगणवाडी दिसते ती सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. बोर्डीच्या अंगणांत हा प्रयोग त्याच्या कितीतरी आधी चालू होता.

साहित्याचाही प्रश्न होताच. मॉन्टेसरीची लाकडी साधनं परदेशी पद्धतीची, महाग. एका पेटीच्या पैशात पाड्यावरचं घर वर्षभर जगलं असतं. ताराबाई आणि अनुताईंनी शिंपले, शंख, चिंचोके, सागरगोटे, बांबूचे तुकडे, माती, झाडाची पानं घेतली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून शिकवता येतं. पोराच्या हातात जे रोज असतं त्यानेच मोजायला शिकवलं, की त्याला शाळेची भीती वाटत नाही.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. बोर्डी तरी बागायतीचं, शिकलेल्या लोकांचं गाव. कोसबाड म्हणजे थेट वारली वस्ती. खरी परीक्षा इथे होती.

पोरगं का येत नाही?

टेकडीवर शाळा उघडली, पटावर नावं आली, आणि दोन-चार दिवसांनी पोरं गायब. असं झालं की सहसा मास्तर हजेरीत शून्य टाकतो आणि पालकांना नावं ठेवतो. इथे पोरं कुठे गेली ते शोधलं गेलं. आणि कारणं निघाली ती अगदी साधी.

मोठी पोरगी येत नाही, कारण धाकटं भावंडं तिच्या कडेवर. आई लावणीला किंवा मजुरीला गेली की घरात दुसरं कोण? म्हणून कोसबाडला एकाच छपराखाली पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असं सगळं एकत्र केलं. त्याला विकासवाडी म्हणत. ताई आपल्या भावाला घेऊनच शाळेत येणार. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. ऐकायला सोपं वाटतं. पण आजही किती शाळांत सहावीतल्या मुलीला कडेवरच्या पोरासकट आत घेतील, हा प्रश्नच आहे.

मोठा पोरगा येत नाही, कारण तो गुरांमागे. आठ-दहा वर्षांचं पोरगं मालकाची गुरं राखायचं आणि त्याबदल्यात त्याला भाकर, कधी वर्षाकाठी थोडं धान्य, कपडा मिळायचा. त्याला शाळेत बसवलं तर त्याची भाकर जाणार. अशा घरी जाऊन शिक्षणाचं महत्त्व सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं पुण्य सांगण्यासारखं.

मग शाळा गुरांमागे गेली. तीच ती कुरणशाळा. सकाळी गुरं चरायला सुटली की शिक्षक सामान घेऊन कुरणात जायचे. झाडाखाली पोरं जमायची. एक डोळा गुरांवर, एक पाटीवर. गुरं मोजता मोजता आकडे, पाखरं आणि गवत बघता बघता विज्ञान. जनावर कुणाच्या शेतात घुसलं की विद्यार्थी काठी घेऊन पळाला, हाकलून परत आला, आणि शिकवणं पुढे चालू. गवत कुठलं गोड, कुठलं गुरं तोंडात घेत नाहीत, पाऊस कधी येणार, हे पोरांना मास्तरांपेक्षा जास्त कळायचं. आपल्याला काही येतं ही जाणीव त्या पोरांना बहुधा पहिल्यांदाच तिथे झाली असेल. ज्यांना दिवसा अजिबात जमायचं नाही, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते.

हे सगळं गोडगोड चाललं असं मात्र नाही. कुरणात पावसाळ्यात शाळा भरवणं अवघड. कुरण बदललं की वर्ग बदलला. शिक्षक टिकवणं तर फार कठीण, कारण अशा नोकरीत चटके जास्त आणि मान कमी. आणि मुख्य म्हणजे, कुटुंबच्या कुटुंब पोटासाठी निघून गेलं तर कुरणशाळासुद्धा काही करू शकत नव्हती. गुरं राखणारं पोर निदान गावात असायचं. गवताच्या नाहीतर भट्टीच्या कामाला आईबापाबरोबर गेलेलं पोर तीन-चार महिने हातातून सुटायचंच. परत आल्यावर त्याला अक्षरं नव्याने ओळखायला लागायची. कोसबाडच्या प्रयोगाची ही मर्यादा होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

तरी जे झालं ते कमी नव्हतं. ज्या पाड्यांवर अक्षर ओळखणारं माणूस सापडायचं नाही, तिथली पोरं चौथी पास होऊन पुढच्या शाळेत जाऊ लागली. कोसबाडला बालवाडी चालवणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण सुरू झालं. अनुताईंनी शिक्षिकांसाठी आणि मुलांसाठी सोप्या भाषेत पुष्कळ लिहिलं, आणि इथले अनुभव ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात नोंदवून ठेवले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. तोपर्यंत अनुताई कायम दोन नंबरवर होत्या. नाव ताराबाईंचं, धावपळ अनुताईंची, असं लोक सहज बोलायचे. त्यांना स्वतःला त्याचं काही वाटल्याचं दिसत नाही. ताराबाईंनंतर संस्थेची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. त्या वयात माणूस काम आवरतं घेतो. अनुताईंनी वाढवलं. डहाणूत मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली, दाभोणला काम उभं केलं, बायकांच्या प्रश्नांसाठी समिती स्थापन केली. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या बाईला बायकांचे प्रश्न पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

१९८५ साली पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही. सत्कार झाले, फोटो छापून आले, आणि अनुताई परत टेकडीवर. शेवटच्या वर्षांत दृष्टी अधू झाली तरी कोसबाड सोडलं नाही. मोरगाव आणि पुण्याचं माणूस, पण आयुष्याची सत्तेचाळीस वर्षं या डहाणू तालुक्यात गेली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. भात पोटरीला येण्याचे दिवस होते. पाड्यांवरची माणसं अजून कामाला बाहेर पडली नव्हती.

भट्टीवर जाणाऱ्या पोरांचं कोडं त्यांच्या मागेही राहिलं. नव्वदीच्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर, मजुरांच्या झोपड्यांजवळ भोंगाशाळा भरल्या, ऊसतोडीच्या पट्ट्यात साखरशाळा निघाल्या. मुलाच्या मागे शाळा नेण्याची तीच वाट. आता स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत मधल्या महिन्यांतही बसता येतं. कार्ड गावच्या शाळेतून मिळतं, टेम्पो भरायच्या आधी ते मागून घ्यावं लागतं.