कुमारी एमिली बिसेल आणि एका सेंटाची नाताळभेट

सणावारीं आप्तेष्टांस भेटी देण्याची चाल सर्व देशांत आहे. दिवाळी असो, ईद असो वा नाताळ असो, त्या दिवसांत बाजार गजबजून जातो आणि काय घ्यावें हा प्रश्न लहानथोरांस सारखाच पडतो. पुष्कळ भेटी चार दिवस मिरवितात आणि पांचव्या दिवशीं अडगळींत पडतात. परंतु एका स्त्रीनें अशी एक भेट लोकांच्या हातीं दिली कीं, तिची किंमत अगदीं थोडी असून तिचा लाभ घेणाऱ्याच्या घरापुरता न राहतां साऱ्या समाजास पोंचला. त्या स्त्रीचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

एमिली बिसेल ह्यांचा जन्म ता. ३१ मे १८६१ रोजीं अमेरिकेंतील डेलावेअर संस्थानांत विल्मिंग्टन शहरीं झाला. घर सुखवस्तु होतें, तरी त्यांचें लक्ष शहरांतील गरीब वस्तीकडे वळलें. गरिबांच्या मुलांसाठीं त्यांनीं विनामूल्य बालवर्ग चालू केला, आणि कोंवळ्या वयाच्या मुलांस कामास जुंपण्यावर कायद्यानें बंधन यावें म्हणून खटपट केली. त्यांचीं सर्वच मतें आज आपणांस पटतील असें नाहीं; स्त्रियांस मताधिकार देण्यास त्यांचा विरोध होता. परंतु दुसऱ्याचें दुःख दिसलें असतां स्वस्थ बसणें त्यांस ठाऊक नव्हतें.

त्या काळीं क्षयरोगानें सर्वत्र थैमान घातलें होतें. रोगाचे जंतु डॉ. रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८२ सालीं शोधून काढले होते, परंतु त्यांस मारणारें औषध अद्याप सांपडलें नव्हतें. मोकळी हवा, विश्रांति आणि सकस अन्न एवढाच काय तो उपाय होता. विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीच्या कांठीं असें एक लहानसें आरोग्यधाम होतें. १९०७ सालीं तेथील पैसा संपत आला. तीनशें डॉलर मिळाले नाहींत तर ऐन थंडींत तें बंद करून रोग्यांस घरीं धाडावें लागणार होतें. घरीं जाणें म्हणजे बहुधा मृत्यूच, आणि शिवाय घरांतील मुलाबाळांसही रोग जडण्याची भीति. तेथील एक डॉक्टर जोसेफ वेल्स हे बिसेलबाईंचे नातलग होते. त्यांनीं ही अडचण बाईंच्या कानीं घातली.

बाईंनीं थोड्याच दिवसांपूर्वीं जेकब रीस ह्यांचा एक लेख वाचला होता. डेन्मार्क देशांत आयनार होलबोल नांवाच्या टपाल खात्यांतील एका नोकरास नाताळच्या पत्रांचे ढीग पाहून एक कल्पना सुचली होती. प्रत्येक पत्रावर टपालाच्या तिकिटाखेरीज एक शोभेचें तिकीट लावावें आणि त्याचा पैसा रोगी मुलांसाठीं खर्च करावा, अशी ती कल्पना. १९०४ सालीं तेथें अशीं चाळीस लाखांहून अधिक तिकिटें खपलीं होतीं. ह्या हकीकतीवरून बाईंनीं स्वतः एक चित्र काढलें. नाताळच्या होली नामक वनस्पतीच्या पानाफळांची ती नक्षी होती. छपाईसाठीं त्यांनीं मित्रांकडून उसने पैसे घेतले आणि पन्नास हजार तिकिटें छापविलीं.

ता. ७ डिसेंबर १९०७ रोजीं विल्मिंग्टनच्या टपाल कचेरींत विक्री सुरू झाली. किंमत एक सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा हिस्सा. आरंभीं खप बेताचाच होता. तेव्हां बाई फिलाडेल्फिया शहरीं गेल्या आणि तेथील एका वृत्तपत्राच्या कचेरींत त्यांनीं आपली कैफियत मांडली. त्या पत्रानें हें कार्य आपलेंच मानून रोज त्याविषयीं लिहिण्यास आरंभ केला. असें सांगतात कीं, वर्तमानपत्रें विकणारा एक गरीब मुलगा तेथें आला, टांचा उंचावून त्यानें मेजावर एक सेंट ठेवला आणि एक तिकीट मागितलें. त्याच्या बहिणीस तोच रोग झाला होता. नाताळ सरेपर्यंत तीनशेंच्या जागीं सुमारें तीन हजार डॉलर जमा झाले आणि आरोग्यधाम वांचलें. पुढील वर्षीं रेड क्रॉस संस्थेनें हें काम देशभर चालविलें, तेव्हां ती रक्कम सुमारें एक लक्ष पस्तीस हजार डॉलरवर गेली.

क्षयावर गुणकारी ठरलेलें स्ट्रेप्टोमायसिन हें औषध १९४३ सालीं सांपडलें, तें पाहण्याचें भाग्य बाईंस लाभलें. ता. ८ मार्च १९४८ रोजीं त्यांनीं देह ठेविला. १९८० सालीं अमेरिकेच्या टपाल खात्यानें त्यांचें चित्र असलेलें खरें टपाल तिकीट काढलें. आपल्या भारतांतही १९५० सालापासून क्षयरोग निवारणासाठीं अशीं तिकिटें विकलीं जाऊं लागलीं.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रांतून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. भेट घेण्यापूर्वीं तिच्या किंमतीबरोबर तिचा प्रवासही पाहावा. आपला पैसा कोणाच्या हातीं जातो, भेट किती दिवस कामीं येते, आणि सणानंतर तिचा केवळ केर होतो कीं काय? गांवच्या कुंभाराची पणती, विणकराचा रुमाल, आळीपाळीनें सर्वांनीं वाचावयाचें पुस्तक, अथवा मित्राच्या नांवें रुग्णालयास दिलेले चार रुपये, ह्यांतील कोणतीही भेट दिखाऊ खेळण्याहून उणी नाहीं. पालकांसही आमची विनंति आहे कीं, येत्या सणास मुलांच्या हातीं पैसे देतांना ही निवड त्यांचीच त्यांस करूं द्यावी. तीनशें डॉलरची ती नड भागली, ती कोणा एका धनिकाच्या थैलीनें नव्हे. ज्यांना एकच सेंट देतां येत होता, अशा असंख्य हातांनीं भागली.