सर दोराबजी टाटा : पत्नीच्या स्मृतीतून उभा राहिलेला संशोधन निधी

लोणंद, फलटण परिसरातील एखाद्या घरात लहान मुलाचा ताप उतरेनासा होतो, चेहरा पांढुरका पडतो, अंगावर निळसर डाग दिसू लागतात. रक्ताच्या तपासणीनंतर डॉक्टर मुंबईतील परळचा पत्ता लिहून देतात. हातात अहवालांची पिशवी घेऊन ते आईवडील ज्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या दारात उभे राहतात, त्याच्या नावामागे एका पतीचे दुःख आहे, हे त्या क्षणी त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

तो पती म्हणजे सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे हे ज्येष्ठ पुत्र 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत जन्मले. केंब्रिजमध्ये दोन वर्षे शिकून ते परतले आणि 1882 साली सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. काही काळ वृत्तपत्रात उमेदवारी करून ते वडिलांच्या व्यवसायात शिरले. 1904 मध्ये जमशेटजी गेले, तेव्हा त्यांची मोठी स्वप्ने अपुरीच होती. पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि बंगळुरूची विज्ञान संस्था ही तिन्ही कामे दोराबजींनी तडीस नेली. खेळाचीही त्यांना विलक्षण ओढ होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे ग्रामीण तरुण पाहून त्यांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू पाठवण्यासाठी पुढाकार घेतला आणि स्वतःचा पैसाही घातला.

म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकारी डॉ. होरमसजी भाभा यांची कन्या मेहेरबाई यांच्याशी 1898 साली त्यांचा विवाह झाला. वयात वीस वर्षांचे अंतर असूनही दोघांचे सहजीवन समरसतेचे होते. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या आणि बालविवाहाला विरोध करणाऱ्या मेहेरबाईंना स्वतःचे स्वतंत्र सार्वजनिक स्थान होते. दोराबजींनी त्यांना भेट दिलेला ज्युबिली हिरा 245 कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा होता. 1924 च्या सुमारास पोलाद कारखान्यात कामगारांचे पगार देण्याचीही भ्रांत पडली. त्या वेळी दोराबजींनी आपली सारी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून सुमारे 1 कोटी रुपयांचे कर्ज उभारले. त्या तारणात हा हिराही होता. कारखाना वाचला.

पण 1931 मध्ये ओढवलेल्या संकटापुढे कोणतेही तारण उपयोगी पडणारे नव्हते. इंग्लंडच्या वास्तव्यात मेहेरबाईंना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी या विकारावर परिणामकारक औषध जगात कुठेही नव्हते. 18 जून 1931 रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात, वयाच्या 51 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

दोराबजी तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. अपत्य नव्हते. मार्च 1932 मध्ये त्यांनी हिऱ्यासह आपली जवळजवळ सर्व संपत्ती सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केली. पाठोपाठ एप्रिलमध्ये लेडी टाटा स्मारक निधी स्थापन झाला. ज्या रोगाने पत्नीला नेले, त्याच रोगावरील संशोधनासाठी हा निधी होता. त्याच्या उत्पन्नाचा चार पंचमांश भाग जगभरातील संशोधकांसाठी आणि एक पंचमांश भाग भारतातील कार्यासाठी ठेवण्यात आला. ज्ञान कोणत्या देशातून येईल हे सांगता येत नाही, हे त्या वाटणीमागचे शहाणपण होते. त्याच महिन्यात ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपला निघाले. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगन येथे 3 जून 1932 रोजी त्यांचे देहावसान झाले. मेहेरबाईंच्या शेजारीच त्यांना दफन करण्यात आले.

पुढे विश्वस्तांनी तो हिरा विकला. ट्रस्टच्या पैशातून परळचे रुग्णालय उभे राहिले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी त्याचे उद्घाटन झाले. 1962 साली त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे आला. त्या वेळी विभागाची धुरा मेहेरबाईंचे भाचे डॉ. होमी भाभा यांच्याकडे होती.

दोराबजींनी निधी स्थापला तो प्रौढ पत्नीच्या आठवणीने. पण लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग ल्युकेमियाच आहे. 1948 साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने मुलांतील हा आजार काही काळ मागे हटतो, हे जगापुढे मांडले. त्यानंतर अनेक देशांतील संशोधकांनी औषधांची सांगड घालत उपचार सुधारत नेले. आज प्रगत देशांत मुलांमधील लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण वाचतात. भारतात हे प्रमाण अद्याप कमी आहे. निदानाला लागणारा उशीर आणि पैशाअभावी अर्धवट सोडलेले उपचार ही त्याची प्रमुख कारणे. आपल्या माणसाच्या स्मरणार्थ मोठी देणगी देणे प्रत्येकाला शक्य नसते. मात्र वर्षश्राद्धाच्या खर्चातील काही भाग अशा निधीकडे वळवणे अनेकांना शक्य आहे. दोराबजींच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षाचा अर्थ बहुधा एवढाच आहे.