बाळू पालवणकर : मैदानात मान, तंबूबाहेर चहा

साहेबांनी आणलेला क्रिकेटचा खेळ हिंदुस्थानात रुजला तो जिमखान्यांच्या आणि जातिधर्मांच्या कुंपणातच. आपल्या डावखुऱ्या फिरकीने हे कुंपण भेदणारे बाळू पालवणकर चर्मकार समाजातले. जन्म धारवाडचा, घराणे कोकणातील पालवणचे. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. कॅप्टन ग्रेग यांच्यासारखा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर हात साफ करी. बॅट मात्र साहेबांच्याच हाती राही.

युरोपियनांना नमवायचे तर बाळूंवाचून गत्यंतर नाही, हे ओळखून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात सवर्ण सहकारी त्यांनी हाताळलेला चेंडू निःशंकपणे झेलीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. पुढे ते मुंबईच्या हिंदू संघाचे आधारस्तंभ ठरले. १९०६ मध्ये या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी टिपले. तरीही हिंदूंचे कर्णधारपद त्यांच्याकडे रीतसर कधीच आले नाही. तो मान १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे उभे राहिलेले बाळू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. गुणांनी त्यांना संघात स्थान मिळवून दिले. पंगतीतील स्थानासाठी मात्र गुण पुरेसे नव्हते.